भिंतीतून की माळ्यातून

अकोटला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दीपमाला तायडेचं पत्र्याचं दुकान आहे. धान्याच्या कोठ्या, पन्हाळी, बादल्या, कुलरच्या टाक्या, लोक सांगतील ते ती करून देते. हातोडी तिच्या हातात बापानं दिली. नत्थुजींना मुलगा नव्हता, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. आठवीतल्या पोरीला त्यांनी कातर धरायला शिकवली, आणि ती बारावीत जाईस्तोवर तिचा सांधा बापापेक्षा साफ यायला लागला. नत्थुजी गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. दीपमालाचा नवरा अश्विन एसटीत कंडक्टर. तो गाडीवर, ती दुकानात, असा त्यांचा संसार.

जानेवारीच्या शेवटी गोपाल दुकानात आला. अंजनगाव रस्त्यावरच्या खैरखुटीचा, वांगी, मेथी अन् गेंद्याची फुलं पिकवणाऱ्या घरातला. सोबत चार एकर कपाशी. त्याची बायको खुशी पाच महिन्यांची गरोदर होती आणि खोकून खोकून ओकत होती. डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, स्वयंपाक कशावर करता? घरात गॅस होता, पण शेतावरच्या आठ-दहा मजुरांच्या भाकरी आणि सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी चुलीवरच. जळण म्हणजे पऱ्हाटी, कापूस निघून गेल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं. ती फुकटची आणि घराला पुरून उरणारी.

“लोखंडी चूल पायजे, ताई. वरून पाइप काढून देनारी,” गोपाल म्हणाला. “पाइप म्या आनला हाये.” आणि त्यानं बगलेतला चकचकीत जस्ती पाइप पुढं केला.

दीपमालानं तो दोन बोटांत दाबला. पाइप चेपला.

“हा पन्हाळीचा हाये, भाऊ. पानी जाऊ दे याच्यातून. आग नको.”

“धूरच तं जाते. आग कुठी जाते?”

“पऱ्हाटी जाळतं ना तू? तिचा जाळ दोन-दोन हात वर चढते. हे वरचं जस्त तापलं का त्याचा धूर निंगते, तो घशात गेला का मानूस रातभर तापानं फनफनते. तुह्या बायकोले आधीच खोकला. अन् एवढा पातळ पत्रा एका हिवाळ्यात चाळनी होते.” तिनं कोपऱ्यातला काळा लोखंडी पत्रा ओढून दाखवला. “हा पाह्य. सोळा गेज जाडीचा. याचा सहा इंची करून देतो. वरचा पाइप खालच्याच्या आत बसवतो, म्हंजे काजळीचं पानी बाहीर गळत नाई. दर सांध्याले तीन स्क्रू.”

“बरं, करा मंग.”

“थांब. पाइप कुठून जाते ते पाह्यल्याशिवाय मी काम घेत नाई.”

दुसऱ्या दिवशी ती खैरखुटीला गेली. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर टिनं. स्वयंपाकघर बघून ती दारातच थांबली. डोक्यावर लाकडी फळ्यांचा माळा होता आणि माळ्यावर गच्च कापूस भरलेला. फळ्यांच्या फटींतून रुईचे तंतू खाली लोंबत होते. चार एकरांचा सगळा कापूस होता तो. गोपालचा बाप किसनराव भाव चढायची वाट पाहत बसला होता.

किसनराव साठीचा, उंच, हाडापेरानं दणकट माणूस. बायको जाऊन चार वर्षं झालेली. बोलताना त्याचा जबडा कानाजवळ कट्‌कट् वाजायचा.

“वरून काढ पाइप,” त्यानं फळ्यांकडं बोट दाखवलं. “माळ्यातून सीधा टिनाच्या बाहीर.”

“वर कापूस हाये, काका.”

“मंग? पाइपाच्या बाजूचा सरकवून देऊ.”

“सरकवून नाई भागत. माळा रिकामा करा. मंग दुहेरी पाइप देतो, आत सहाचा, बाहीर दहाचा, मधात हवा खेळती. लाकडापासून हातभर जागा मोकळी.”

“चार एकराचा कापूस कुठी नेऊ? तुह्या दुकानात?”

दीपमालानं चौथ्या भिंतीवर हात ठेवला. हीच एक भिंत बाहेरच्या बाजूला होती. “मंग इथून. भिंतीले भोक पाडू, बाहीरून पाइप वर चढवू. घरात लाकडाले कुठीच लागत नाई.”

चुलीपुढं बसलेल्या खुशीनं पदर तोंडाशी धरला आणि खोकू लागली.

भिंतीपलीकडं चार हातांचा बोळ होता. बोळापलीकडं किसनरावच्या धाकट्या भावाचं, देवरावचं अंगण. त्या चार हातांवरून सहा वर्षांपूर्वी दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले होते. किसनरावच्या कुऱ्हाडीनं देवरावच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि देवरावच्या दगडानं किसनरावचा जबडा निखळला. तेव्हापासून बोळात कोणी पाय ठेवत नव्हतं. तिथं गवत गुडघ्याइतकं वाढलं होतं.

“भिंतीतून काढशीन तं देव्या मुंडकं काढन,” किसनराव म्हणाला.

“पाइप भिंतीले चिकटूनच जाते, काका. वीतभर बी बाहीर येत नाई.”

“बाबा,” गोपाल मध्येच बोलला, “खुशीचं पाहा ना जरा. भिंत आपली हाये. भिंतीतून काढू.”

किसनरावनं खांद्यावरचा दुपट्टा झटकला. “काढा. मीबी पाहतो तो काय करते तं.”

त्याच्या आवाजातला उत्साह दीपमालाला आवडला नाही. पण काम तिनं घेतलं.

आठ दिवसांनी सकाळी ती चूल आणि पाइप ऑटोत टाकून आली. गोपालनं भिंतीला भोक पाडलं. पाइपाचा वळणाचा तुकडा, एल्बो, बसला. बोळातलं गवत कापून शिडी लावली, आणि दीपमाला तिसरा पाइप खांद्यावर घेऊन वर चढली. टिनाच्या वर हात-दीड हात न्यायचा होता, की धूर परत घरात शिरू नये. स्क्रू दातांत धरलेले होते. तेवढ्यात खालून आवाज आला.

“ओ बाई. उतर.”

देवराव बैलगाडीची उभारी, कडेला रोवायचा लाकडी दांडा, घेऊन उभा होता. ठेंगणा, जाड मानेचा माणूस. डाव्या पंजाची उरलेली बोटं लाकडाभोवती आवळलेली.

दीपमालानं स्क्रू तोंडातून काढले. “दोनच राह्यले, भाऊ. पाहा, पाइप भिंतीतच हाये. तुमच्या अंगनात धूरबी येत नाई.”

“तू उतरतं का नाई?”

“उतरतो. एवढं कसून घेतो. अर्धा सोडला तं कोनाच्या बी डोक्यावर पडन.”

देवरावनं शिडीला लाथ मारली.

दीपमाला पाइपासकट आडवी खाली आली. डावा हात पायथ्याच्या दगडावर पडला आणि त्यावर तिचं सगळं अंग. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला, वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा. ओरडायला तोंड उघडलं तर श्वासच येईना. तिच्या डोळ्यांसमोर गवताची चार पाती होती आणि त्यापलीकडून किसनरावचे पाय धावत आले.

तो कसा धावत आला ते तिला कायमचं लक्षात राहिलं. जेवणाचं ताट वाढलं म्हणून हाक आल्यावर माणूस येतो, तसा. तिच्या अंगावरचा पाइप त्यानं उचलला आणि दोन्ही हातांनी देवरावच्या डोक्यात घातला. पत्र्याची कड कातड्यात शिरली. देवरावच्या कपाळापासून टाळूपर्यंत चीर पडली आणि डोळे रक्तानं बुजले. आंधळ्यासारखी त्यानं उभारी फिरवली. पहिला फटका भिंतीला, दुसरा किसनरावच्या गुडघ्याला, तिसरा मध्ये पडलेल्या गोपालच्या बरगड्यांवर. किसनराव खाली बसला तरी बसल्या बसल्या पाइप मारत होता. भावाच्या नडग्यांवर, घोट्यांवर, लागेल तिथं. दोघांपैकी कोणीही शिवी देत नव्हतं. नुसता पत्र्याचा आणि लाकडाचा आवाज.

खुशीनं दीपमालाच्या काखेत हात घालून तिला ओढत बोळाबाहेर काढलं. पाच महिन्यांचं पोट घेऊन, खोकत, एकटीनं.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात दीपमालाच्या हाताला सळई घातली. अश्विननं रजा टाकली आणि तिच्या खाटेशी बसून राहिला. पोलिसांना तिनं जसं घडलं तसं सांगितलं. देवराववर केस झाली, किसनराववरही झाली. दोघं जामिनावर सुटून घरी गेले.

“त्याईच्या भांडनात तू काहून चढली शिडीवर?” अश्विननं एकदाच विचारलं.

“पोरगी खोकत होती,” ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी गोपालचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा तिनं नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला. हात ठणकत होता. खैरखुटीतल्या कोणाचाही आवाज तिला ऐकायचा नव्हता.

महिना झाला. प्लास्टर होतंच, पण ती दुकानात येऊन बसायला लागली होती. एका सकाळी खुशी आली. अकोटला तपासणीसाठी आली होती. कपभर चहा घेतला, हाताचं विचारलं, आणि मग मान खाली घालून म्हणाली, “ताई, मामाजीनं पाइप वरून काढला.”

सासऱ्याला ती मामाजी म्हणायची. दीपमालाला आधी समजलं नाही. “वरून म्हंजे?”

“माळ्यातून. तुमचे पाइप तं मारामारीत चेपले होते. तो जस्ताचा होता ना, यायनं पैले आनला होता तो. मामाजी म्हने, देव्याच्या तोंडाले लागाले नाई पायजे, अन् त्याच्यापुढं हारलोबी नाई पायजे. गावातलाच एक मानूस बोलावला. यायनं तुमाले फोन केल्ता, असा लावला तं चालते का म्हनून विचाराले.”

दीपमाला उठून उभी राहिली. “पाइपाच्या भवताल जागा सोडली का?”

“सोडली होती थोडी. पन खाली भाजीत रुई पडे. मंग मामाजीनं बारदाना कोंबला त्याच्यात.”

“किती दिवस झाले?”

“आठ-नऊ दिवस.” खुशीनं आवाज खाली केला. “मले वरून वास येते, ताई. जळक्या चिंध्यांवानी. कालपासून लय येते. मामाजी म्हनतात, पोटुशी बाईचं नाक असंच असते.”

दीपमालानं दुकानाचं शटर ओढलंसुद्धा नाही. शेजारच्याला हाक मारून सांगितलं आणि खुशीला घेऊन ऑटोत बसली. वाटेत तिनं गोपालला फोन लावला. तो शेतात होता. “घरी ये. आत्ता,” एवढंच ती म्हणाली.

अकरा वाजले असतील. किसनराव आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवून पुढं बसला होता. पऱ्हाटी तडतडत होती. जस्ताचा पाइप चुलीपासून वीतभर निळा-काळा पडला होता आणि वर फळ्यांत शिरत होता तिथं बारदान्याची कड तपकिरी झाली होती.

दीपमाला धान्याच्या कोठीवर चढली आणि चांगला हात फळीवर ठेवला. पाइपापासून दोन हात लांब. फळी इस्त्रीसारखी तापली होती.

“काका, चूल इझवा. कापूस आतून जळून राह्यला.”

“जळला असता तं धूर नसता का दिसला?”

“कापूस गच्च असला का आतल्या आत जळते. दिवस-दिवस दिसत नाई. फळीले हात लावून पाहा. खुशी, तू बाहीर हो. गाईचं दावं सोड.”

किसनराव उठला. त्यानं फळीला हात लावला आणि त्याचं तोंड बदललं. पण दीपमालाला वाटलं होतं तसं नाही. भीती नव्हती त्यात. चार एकरांचा कापूस होता.

माळ्यावर चढायला कोपऱ्यात लाकडी निसण होती आणि वर हातभर रुंदीचं दार. किसनराव तिकडं वळला.

“दार खोलू नका!” दीपमाला कोठीवरून उतरली. “हवा गेली का भडकन! फायर ब्रिगेडले फोन करू, टिनं काढून वरून पानी मारू. काका, ऐका!”

“सरक.”

तिनं त्याच्या धोतराचा सोगा एका हातानं धरला. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्यात धोतर. किसनराव दोन पायऱ्या चढला होता. त्यानं मागं न बघता टाच मारली. टाच तिच्या छातीत बसली. ती मागं चुलीवर गेली असती, पण कोठी आडवी आली. ती तिथंच घसरून बसली, आणि बसल्या जागेवरून तिनं त्याला दाराची कडी काढताना पाहिलं.

आधी वाऱ्याचा एक लांब सुस्कारा झाला. माळ्यानं घरातली हवा ओढून घेतली. मग दारातून जाळ बाहेर आला, पिवळा, जाड, दाराएवढ्याच आकाराचा, आणि किसनरावच्या छातीवर, तोंडावर बसला. तो निसणीवरच उभा होता. हातांनी जाळ लोटत होता. पेटलेल्या कापसाचे गोळे त्याच्या खांद्यांवरून खाली पडत होते आणि जमिनीवर पडूनही जळत होते. मग निसण कलली आणि तो पाठीवर पडला.

दीपमालानं त्याचा पाय धरून ओढलं. एका हातानं सत्तर-ऐंशी किलोचा माणूस हलेना. वर टिनं ताणून फुटल्यासारखी वाजायला लागली. तेवढ्यात दुसरा पाय कोणीतरी धरला. खुशी बाहेर गेलीच नव्हती. दोघींनी मिळून त्याला उंबऱ्यावरून अंगणात आणला. त्याचा सदरा कातड्याला चिकटून जळत होता आणि तो ओरडत होता, पण त्या बिघडलेल्या जबड्यातून शब्द बाहेर येत नव्हते.

देवराव बोळाच्या तोंडाशी उभा होता. डोक्यावरच्या टाक्यांची रेघ अजून लाल होती. तो किती वेळ तिथं उभा होता हे दीपमालाला कधी सांगता आलं नाही. पण तो उभा होता, आणि पाहत होता, हे तिनं पुढं कोर्टातही सांगितलं असतं. मग तो हलला. ढोरांच्या हौदात पोतं बुडवून आणलं आणि भावाच्या अंगावर टाकून त्यावर स्वतः आडवा पडला. किसनरावनं त्याला ओळखलं असावं, कारण भाजलेल्या हातानं तो त्याला ढकलत होता. देवराव उठला नाही.

गोपाल शेतातून धावत आला तेव्हा माळा खाली कोसळला होता. कापूस पुढं दोन दिवस धुमसत राहिला.

किसनराव तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात वारला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर गोपाल आणि दीपमाला बसले होते. खुशीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. पोटातलं बाळ ठीक होतं.

“ताई, म्या दोनदा फोन केल्ता,” गोपाल म्हणाला.

“पाह्यला होता.”

“मंग?”

तिला खोटं सांगता आलं असतं. झोपली होती, फोन बंद होता, काहीही. “हात दुखत होता,” ती म्हणाली. “अन् राग होता मनात. नाई उचलला.”

“उचलला असता तं बी बाबानं ऐकलं नसतं,” गोपाल म्हणाला. ते खरं होतं की तिच्यासाठी बोललेलं, दीपमालाला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

तिरडीला देवरावनं खांदा दिला. गोपालनं त्याला अडवलं नाही, त्याच्याशी बोललाही नाही. तेराव्यानंतर गोपालनं राखेतून ती लोखंडी चूल बाहेर ओढली आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, ठोकून तिचा चेंदामेंदा केला. हाताला फोड येईस्तोवर मारत होता. खुशी दारात उभी राहून बघत होती. तो दमल्यावर तिनंच त्याच्या हातातून कुऱ्हाड घेतली.

एप्रिलमध्ये खुशी पुन्हा दुकानात आली. आठवा लागला होता. हातांवरचं नवं कातडं गुलाबी आणि ताणलेलं. त्यांनी घरावर पुन्हा टिनं टाकली होती, या वेळी माळा केलाच नव्हता.

“चूल पायजे,” ती म्हणाली. “पाइप भिंतीतून.”

“देवरावले विचारलं?”

“नाई. काहून विचारू? भिंत आमची हाये.”

“अन् तो आला तं?”

“मी उभी राहीन खाली.”

दीपमालानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग उठून काळा पत्रा काढला. डावा हात आता खांद्याच्या वर पूर्ण जात नव्हता, म्हणून कापायला वेळ लागला. पण सांधे तिनं स्वतः केले, एकेक पाइप दुसऱ्यात घालून, उजेडाकडं धरून पाहिला.

बसवायच्या दिवशी गोपालनं शिडी धरली आणि खुशी बोळाच्या तोंडाशी उभारी घेऊन उभी राहिली. देवरावची उभारी पोलिसांकडं होती, ही गोपालनं तशीच दुसरी केली होती. पोट पुढं, पाय फाकलेले. गावातले चार-दोन जण लांबून बघत होते.

पहिल्या पायरीवर दीपमालानं शिडी हलवून पाहिली. मग ती चढली. एल्बो, पहिला पाइप, दुसरा. तिसरा वर धरताना खांद्यातून कळ गेली आणि डोळ्यांत पाणी आलं, तेव्हाच देवराव घरातून बाहेर आला. हातात काही नव्हतं. खुशीनं उभारी आडवी केली.

देवराव अंगणाच्या कडेला थांबला. बोळात आला नाही. दीपमाला स्क्रू कसत राहिली. एक, दोन, तीन. पाइपाच्या तोंडावर टोपी बसवली. टिनाच्या वर दीड हात. मग ती सावकाश खाली उतरली आणि पहिल्यांदा त्याच्याकडं वळली.

“बाई,” देवराव म्हणाला. आवाज बसलेला होता. “भाऊ गेला माहा. आता ते केस... मागं घेतली तं नाई का चालनार?”

दीपमालानं हातोडी पिशवीत टाकली. त्याच्या डोक्यावरची रेघ आता पांढरी झाली होती. पोतं टाकून भावाच्या अंगावर पडलेला तो तिला दिसला, आणि त्याच्या आधीचा, नुसता उभा असलेलाही.

“शिडीले लाथ तुमीच मारली ना, भाऊ?”

“मारली.”

“मंग मागं नाई घेत. तारीख चौदाची हाये. या.”

देवरावनं मान हलवली आणि आत गेला. दार त्यानं आपटलं नाही.

खुशीनं उभारी भिंतीला टेकवली आणि चूल पेटवली. दीपमाला आत जाऊन प्रत्येक सांध्याजवळ हात नेत राहिली, कुठं धूर गळतो का बघत. एका जागी बारीकशी रेघ दिसली. तिनं तिथला स्क्रू आणखी अर्धा फेरा आवळला.

“दर महिन्याले टोपी काढून काजळी झाडाची,” ती खुशीला म्हणाली. “मी नाई येनार त्याच्यासाठी. तू शिक.”

“शिकवा,” खुशी म्हणाली, आणि चुलीपुढची पऱ्हाटी बाजूला सारून तिला बसायला जागा केली.